शिकायला पाठवा, पण तारखा बघून

महोदय,

परदेशात वाढलेली मुलं बारावीला किंवा डॉक्टरकीला पुन्हा इकडे येऊ लागली आहेत, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. मुलांचं मराठी सुधारतं, आजी-आजोबांना सोबत होते, तिकडच्या मानानं खर्च कमी, असं त्यात होतं. सगळं खरं आहे. आमच्याच घरात झालं आहे. पण अशा मुलांच्या तिकडच्या कागदपत्रांचं काय होतं, ही एक गोष्ट त्या लेखात नव्हती, आणि तीच गेली तीन वर्षं आमच्या घरी रोज जेवताना निघते. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त तारखा कापू नका.

मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. नोकरीची शेवटची एकवीस वर्षं मिरज जंक्शनवर गेली. कागद बघून माणूस ओळखायची सवय तिथं लागली. पण घरच्या पोरीचे कागद बघायचे राहून गेले.

माझी नात मिरजेत जन्मली, नोव्हेंबर २००४ मध्ये. २००६ ला मुलगा न्यू जर्सीला गेला, वर्षभरानं सूनबाई आणि नात गेल्या. धाकटा नातू तिकडेच २०११ मध्ये झाला, म्हणजे तो जन्मानंच अमेरिकन. २०१२ मध्ये बाकी तिघांना ग्रीन कार्ड, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना, मिळालं. तेव्हापासून एका घरात दोन जातीचे कागद. धाकट्याला कुणी काही विचारत नाही. थोरलीचं मात्र चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर कार्ड नवीन करून घ्यावं लागलं, बोटांचे ठसे देऊन. (हे सुद्धा पुष्कळांना माहीत नसतं. चौदावं लागताना पोर इकडे बोर्डिंगला असलं की राहून जातं.)

२०२१ च्या जूनमध्ये तिची तिकडची दहावी संपली. कोरोनामुळं वर्षभर खोलीत बसून शाळा झालेली, पोर सुकलेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिकडे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल, आणि फीचा आकडा ऐकून मुलगा गप्प बसायचा. मीच म्हणालो, "पाठव इकडं. अकरावी-बारावी इथं करू दे, मेडिकलची 'नीट' परीक्षा देऊ दे." आजीनं माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली सुद्धा.

फी किती, समकक्षता प्रमाणपत्र कुठून काढायचं, तिला डास सोसतील का, तिखट सोसेल का, फिजिक्सची शिकवणी मिरजेत की सांगलीत, यावर आमच्या दोन महिने चर्चा चालल्या. तिच्या ग्रीन कार्डाचं काय, हा प्रश्न एकदाच निघाला. मुलगा म्हणाला, "अप्पा, वर्षाच्या आत एकदा येऊन गेली की झालं." ते अर्धं खरं होतं.

अकरावी झाल्यावर मे २०२२ मध्ये ती तीन आठवडे आई-बापाकडे गेली. गेल्यावेळेपासून अकरा महिने झाले होते, म्हणजे वर्षाच्या आत. नेवार्कच्या विमानतळावर खिडकीतल्या साहेबानं विचारलं, कुठं राहतेस? सतरा वर्षांची पोर, खरं बोलायला शिकवलेली. म्हणाली, "मिरजेला, आजी-आजोबांकडे." झालं. तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. दोन तास. बाहेर सूनबाई रडकुंडीला आलेली. शेवटी, आई-बाप इथं आहेत, तू अल्पवयीन आहेस, या खेपेला सोडतो, पण इथं राहणार नसशील तर हे कार्ड कशाला हवं, असं सुनावून सोडलं. आम्ही तो किस्सा पुढं वर्षभर हसत-हसत सांगत होतो. "साहेबाला मिरज कुठं आहे तेच ठाऊक नव्हतं" वगैरे. आता हसू येत नाही.

जूनमध्ये ती बारावीसाठी परत आली. जुलै २०२२ मध्ये मुलानं नागरिकत्वाची शपथ घेतली. खरं तर २०१७ पासून तो पात्र होता, पण भारतीय पासपोर्ट सोडवत नव्हता, आणि मीही "घाई काय आहे" म्हणत होतो. शपथेचा फोटो आला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले, जरा कसनुसं वाटत होतं तरी. नातीनं त्याच रात्री विचारलं, "बाबा, मग मी पण?" तो म्हणाला, "तू पण. अठराच्या आतल्या मुलांचं आपोआप होतं."

आता हे 'आपोआप' नीट समजून घ्या. २००० साली तिकडे एक कायदा झाला. त्यानुसार मूल अठराच्या आतलं असेल, ग्रीन कार्डधारक असेल आणि आई-बापापैकी एक जण नागरिक झाला असेल, तर मूल त्या क्षणी नागरिक होतं, अर्जसुद्धा लागत नाही. पण आणखी एक अट आहे. मूल अमेरिकेत, त्या नागरिक पालकाच्या ताब्यात राहत असलं पाहिजे. या सगळ्या अटी अठरावा वाढदिवस व्हायच्या आत एकाच वेळी जमल्या पाहिजेत. आमच्याकडे जुलै ते नोव्हेंबर असे चार महिने होते. त्या चार महिन्यांत ती गाशा गुंडाळून आई-बापाकडे राहायला गेली असती तर पोचल्या दिवशी नागरिक झाली असती. ती मिरजेत सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ करत होती. दिवाळीत सूनबाई म्हणाली होती, बोलावून घेऊ का तिला, इथूनच काहीतरी बघू. मी म्हणालो, "बारावीचं वर्ष आहे, मध्येच नको." हे माझं वाक्य. वाढदिवसाला आजीनं बासुंदी केली.

कळलं केव्हा? मे २०२३ मध्ये नीट देऊन ती तिकडे गेली. अमेरिकी पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावं म्हणून मुलगा एडिसनमधल्या एका वकीलबाईंकडे गेला. मी इकडे फोनवर होतो, रात्रीचे साडेदहा. बाईंनी तीनच गोष्टी विचारल्या. शपथ कधी घेतली, मुलगी अठराची कधी झाली, आणि या दोन तारखांच्या मध्ये ती कुठं होती.

मुलगा म्हणाला, "घर इथंच आहे तिचं. तिची खोली अजून तशीच आहे."

"खोलीचं नाही विचारलं," बाई म्हणाल्या, "मुलगी कुठं होती?"

मग त्यांनी कॉलेजचे कागद मागवले. मी इकडून फोटो काढून पाठवले. बारावीच्या बोर्डाचा फॉर्म, पत्ता मिरज. हजेरी, जुलै ते नोव्हेंबर, चार दिवस सोडून रोज हजर. (तो ताप होता.) आणि प्रगतिपुस्तकावर 'पालकाची सही' या रकान्यात माझी सही, लफ्फेदार, तारखेसकट. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मूल कुणाच्या ताब्यात होतं याचा पुरावा मीच दर चाचणीला सही करून तयार करत होतो.

देशाबाहेर राहणाऱ्या मुलांसाठी आणखी एक वाट होती म्हणे, एन-६००के नावाच्या अर्जाची. पण त्यातही मूल नागरिक पालकाच्या ताब्यात असावं लागतं, आणि अर्ज, मुलाखत, शपथ सगळं अठराच्या आत उरकावं लागतं. आम्ही विचारायला गेलो तेव्हा ती साडेअठराची होती.

म्हणजे नागरिकत्व गेलं. उरलं ग्रीन कार्ड. आता ते कसं टिकवायचं?

इथं मला माझी नोकरी आठवली. पाचशे किलोमीटरच्या वरचं तिकीट असलं की वाटेत उतरून पुढं जाता येतं, ब्रेक जर्नी म्हणतात त्याला. पण ज्या स्टेशनात उतरलात तिथं स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर शेरा घ्यावा लागतो. शेरा न घेता दोन दिवसांनी पुन्हा गाडीत बसलात आणि मला सापडलात, तर तिकीट खरं असूनही तुम्ही विनातिकीट. लोक भांडायचे, "साहेब, पैसे भरलेत हो!" मी म्हणायचो, पैशाचं नाही, शेऱ्याचं बोला. ग्रीन कार्डाचंही तसंच आहे. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर निघण्याआधी 'री-एंट्री परमिट' घ्यावं लागतं. फॉर्म आय-१३१. अर्ज भरताना माणूस अमेरिकेत हजर पाहिजे, आणि बोटांचे ठसेही तिथंच द्यायचे. मिरजेतून, मुंबईतून तो अर्ज होत नाही. परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. आणि ते मिळालं म्हणजे कार्ड पक्कं झालं असंही नाही. नुसतं बाहेर राहिली म्हणून कार्ड सोडलं असं धरणार नाहीत, एवढंच. बाकी तिकडे बँकेचं खातं, वाहनपरवाना, कराचं विवरणपत्र हे सगळं चालू ठेवायला वकीलबाईंनी सांगितलं.

तिनं जून २०२३ मध्ये अर्ज भरला. ठशांची तारीख जुलैच्या मध्यावर आली. इकडे मेडिकलच्या प्रवेशफेऱ्या सुरू व्हायच्या होत्या आणि ती तिकडे ठशांची वाट बघत बसलेली. ठसे दिले आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसली.

प्रवेशाच्या वेळी आणखी एक गंमत कळली, तिला गंमत म्हणायचं तर. ४ मार्च २०२१ ला आपल्या गृह मंत्रालयानं अधिसूचना काढली, की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलेल्या मुलांना नीटमधून फक्त एनआरआय किंवा वाढीव जागाच मिळतील. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल दिला, की ही अट त्या तारखेनंतर ओसीआय झालेल्यांनाच लागू होईल. म्हणजे २०२२ मध्ये पोर अमेरिकन झाली असती आणि ओसीआय घेतलं असतं, तर इथली साधी जागा तिला बंद. तिकडचं नागरिकत्व हुकलं म्हणून इकडं ती भारतीय विद्यार्थिनी राहिली. दहावी अमेरिकेची असल्यानं राज्याच्या कोट्यात बसली नाही, पण एका अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयात, मिरजेपासून दोन तासांवर, तिला जागा मिळाली. मुलगा म्हणाला, "बघा अप्पा, एक दार बंद झालं म्हणून दुसरं उघडं राहिलं." तो माझी समजूत घालत होता, हे मला कळत होतं.

एमबीबीएस साडेचार वर्षं, वर इंटर्नशिपचं एक. साडेपाच वर्षांना दोन वर्षांचं परमिट कसं पुरवायचं, याचं गणित आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मांडून ठेवलंय. पहिलं परमिट यायला चौदा महिने लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या वकिलातीतून ती ते घेऊन आली, पासपोर्टसारखी छोटी वही. नोव्हेंबरात पहिल्या वर्षाची परीक्षा झाल्यावर त्याच वहीवर ती वीस दिवस जाऊन आली. ऑगस्ट २०२६ ला ते संपेल. दुसऱ्यासाठी पुन्हा तिकडे जाऊन अर्ज, पुन्हा ठशांची वाट. आणि नियम असा, की गेल्या पाच वर्षांतली एकूण चारपेक्षा जास्त वर्षं माणूस बाहेर राहिला असेल, तर पुढचं परमिट एकाच वर्षाचं. जून २०२१ पासून मोजलं तर तिचे तिकडचे दिवस सगळे मिळून चार महिनेसुद्धा भरत नाहीत. म्हणजे एकच वर्ष. मग पुन्हा. मग पुन्हा. मेडिकलला लेक्चरची हजेरी पंचाहत्तर टक्के आणि प्रात्यक्षिकांची ऐंशी लागते, ते वेगळंच.

"एवढा आटापिटा कशाला? जाऊ दे ते कार्ड," असं आमचे शेजारी म्हणतात. त्यांना मी सांगतो. इथं डॉक्टर होऊन तिला पुढचं शिक्षण आई-बापाजवळ करायचं असेल, तर कार्ड असताना व्हिसाचा प्रश्न येत नाही. कार्ड गेलं तर बहुतेक परदेशी डॉक्टरांसारखा जे-१ व्हिसा, आणि त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट. बाप नागरिक आहे, तो तिच्यासाठी नव्यानं अर्ज करू शकतो, पण एकवीस ओलांडलेल्या अविवाहित मुलीची ती रांग सध्या नऊ वर्षांच्या आसपास आहे. लग्न केलं की आणखी लांब. आणि कार्ड टिकलं तरी नागरिकत्वासाठी तिला आता स्वतःच्या पायावर मोजणी करायची आहे. वर्षाहून जास्त सलग बाहेर राहिलं की आधीची वर्षं पुसली जातात. परमिटानं कार्ड वाचतं, ती वर्षं वाचत नाहीत. २०२९ ला परत गेली तर मोजणी तिथून सुरू. तिचा धाकटा भाऊ या सगळ्या काळात क्रिकेट खेळतोय.

हे झालं ग्रीन कार्डवाल्यांचं. एच-४ वर, म्हणजे आई-बापाच्या एच-१ या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या मुलांचं याहून वेगळं, आणि जास्त निसटतं. सांगलीच्या माझ्या एका स्नेह्यांचा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला होता. आई-बाप एच-१ वर, ग्रीन कार्डाच्या रांगेत २०१३ पासून. ऑक्टोबर २०२० मध्ये रांगेची तारीख एकदम उडी मारून पुढं आली, आणि तिकडे असलेल्या सगळ्यांनी धावत-पळत अर्ज भरले. तो अर्ज भरायला माणूस अमेरिकेत हजर लागतो. नातू पुण्यात, त्याचा व्हिसाचा शिक्का संपलेला, आणि जून २०२० ते मार्च २०२१ एच-४ चे नवे व्हिसा तिकडच्या फर्मानानं बंद. आई-बापाचे अर्ज गेले, त्याचा राहिला. पुढं तो एकवीसचा झाला, 'मूल' राहिला नाही आणि आई-बापाच्या फाईलमधून गळला. मुलाचं वय कुठल्या तारखेला धरायचं हा नियम त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांच्या बाजूनं बदलला, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अर्जांसाठी पुन्हा मागं गेला. स्नेही म्हणतात, "आम्ही वर्तमानपत्रात पावसाचा अंदाज बघतो तसा मुलगा दर महिन्याला तो व्हिसाचा तक्ता बघतो." आता बघून उपयोग नाही, पण सवय.

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत अनिवासी पालकांसाठी प्रवेशाचे मेळावे भरतात. मी एकाला गेलो होतो, चहा चांगला होता. वसतिगृहात वातानुकूलन आहे का, याची चित्रफीत दाखवली. मुलाच्या कार्डाचं काय होईल, असं मी उठून विचारलं तर सूत्रसंचालक म्हणाले, "काका, तो तिकडचा विषय आहे." तो तिकडचाच विषय आहे, पण हजेरीपत्रक इकडचं आहे आणि त्यावरची सहीही इकडची. आपल्यासारख्या वर्तमानपत्रानं कधी एखाद्या जाणत्या वकिलाकडून यावर लिहून घ्यावं. आणि मुलाला इकडे पाठवायच्या बेतात असलेल्या पालकांनी फीचा तक्ता मागवण्याआधी पोराचा अठरावा वाढदिवस, स्वतःच्या शपथेची शक्यता आणि कार्ड संपायची तारीख एका कागदावर लिहून तो तिकडच्या वकिलाला दाखवावा. हे काम दीड तासाचं आहे. आम्ही पेढे वाटण्यात त्याहून जास्त वेळ घालवला.

विमानतळावर अधिकाऱ्यानं कार्ड सोडून देण्याचा आय-४०७ हा फॉर्म पुढं केला तर घाबरून सही करायची नाही, न्यायाधीशापुढं म्हणणं मांडायचा हक्क असतो, हेही वकीलबाईंनी सांगितलं. नातीला ते पाठ आहे. मीही आता कशावरही सही करायच्या आधी चष्मा लावून दोनदा वाचतो.

पुढच्या महिन्यात ती चोवीस दिवसांसाठी निघते आहे. पोचल्या दिवशी अर्ज जाईल. ठशांची तारीख चोवीस दिवसांत येईल की नाही ते आमच्या हातात नाही. काल रविवारी वसतिगृहातून आली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "आबा, तुम्ही साहेब व्हा, मला विचारा." खोटं काही सांगायचं नाही, पण पूर्ण सांगायचं, असं आमचं ठरलंय. मी चष्मा नाकावर ओढला, आवाज जड केला आणि विचारलं, "कुठं राहतेस?"

"एडिसन, न्यू जर्सी. तिथं आई-बाबा आहेत, माझं घर आहे. २०२९ पर्यंत शिकायला भारतात आहे."

आजी ओट्यापाशी डबा भरत होती. म्हणाली, "मग ह्या चकल्या कुणाच्या घरी न्यायच्यात ते सांगा आधी."

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, मिरज
(नातीची फाईल चालू असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)